वाट झेपेल तितकीच: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, गुडघे आणि चालण्याचा आनंद

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागतात. अशा अनेकांची हकीकत एकत्र केली तर ती साधारण अशी असते. आजींचे वय ६६. गुडघ्यांची झीज आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज सकाळी सोसायटीच्या आवारात २० मिनिटे चालतात. मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर हरिहरेश्वरला गेल्या. दर्शन झाले. मग सगळे प्रदक्षिणेला निघाले. "आई, एवढं लांब आलोय, चल ना, काही होत नाही," असा आग्रह झाला आणि आजी निघाल्या. चढताना धाप लागली, उतरताना पाय लटपटले, खडकांवर तर कोणाचा तरी हात धरूनच पाऊल टाकावे लागले. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला.

सूज आठवड्याभरात उतरली. पण महिन्याने आजी तपासणीला आल्या तेव्हा सकाळचे चालणेही बंद झालेले होते. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, चालणं आता माझ्यासाठी नाही. त्या दिवशी कळलंच मला."

सुजलेल्या गुडघ्यापेक्षा मला या वाक्याची काळजी जास्त वाटते. आजींचे चालणे संपले नव्हते. त्या दिवशी त्या दुसऱ्याच्या ताकदीची वाट चालल्या होत्या, एवढेच. हा फरक तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या लक्षात यावा म्हणून हा लेख.

थोडक्यात महत्त्वाचे

• वाट किती कठीण आहे हे फक्त वाटेवर ठरत नाही. चालणाऱ्याची ताकद, तोल आणि आजार यांवरही ते ठरते.
• आपल्या ताकदीपेक्षा फार कठीण हालचाल केली की आनंद जातो, आणि आनंद गेला की पुढचा व्यायामही सुटतो.
• निघण्यापूर्वी घरच्या घरी तीन सोप्या चाचण्या करा आणि आपला टप्पा ठरवा.
• हरिहरेश्वरला भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात खडकांवरून प्रदक्षिणा कोणीच करू नये, मग तब्येत कितीही ठणठणीत असो.

एकच प्रदक्षिणा, चार वेगळ्या परीक्षा

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. इथपर्यंत बहुतेक ज्येष्ठांना काही अडचण येत नाही. त्यानंतरची प्रदक्षिणा मात्र शरीराची एकामागोमाग एक चार प्रकारे परीक्षा घेते.

पहिली परीक्षा चढाची. पायऱ्या चढताना हृदय आणि फुप्फुसांवर ताण येतो. सपाट रस्त्यावर आरामात चालणाऱ्यालाही इथे धाप लागू शकते.

दुसरी परीक्षा उताराची. दोन उंच कातळांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या समुद्राकडे उतरतात. दृश्य विलक्षण आहे, पण गुडघ्यांसाठी हाच सर्वांत अवघड भाग. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यात मोजणी करणारे यंत्र बसवले होते अशा रुग्णांवरील अभ्यासात दिसले की सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, पायऱ्या चढताना तीन पटींहून थोडा जास्त आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पावलाला २४० किलोच्या आसपास भार पडतो. शिवाय उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात. सवय नसलेल्या स्नायूंना हे काम जड जाते. म्हणूनच "चढताना दम लागला, पण पाय दुखले ते उतरल्यावर" असे रुग्ण सांगतात.

तिसरी परीक्षा तोलाची. खाली लाटांनी झिजवलेले, खाचखळग्यांचे खडक आहेत. काही ठिकाणी ते ओले आणि शेवाळलेले असतात. इथे डोळे, तळपायाची संवेदना आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा, तिन्ही लागतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या व्यक्तीची यातली एक बाजू आधीच लंगडी असते.

चौथी परीक्षा घाईची. भरती यायच्या आत वळसा पूर्ण करायचा असतो. मध्येच दमलो तर तासभर बसून राहावे, अशी ही जागा नाही.

नातवाला या चार परीक्षा जाणवतही नाहीत. आजींना मात्र चारही एकदम द्याव्या लागतात.

फार कठीण झाले की आनंद का जातो?

याची तीन कारणे आहेत.

श्वास. चालताना आपण बोलू शकतो तोवर बहुतेकांना हालचाल सुखाची वाटते. एका मर्यादेनंतर श्वास पुरत नाही, स्नायू जळजळू लागतात, बोलणे तुटते. या मर्यादेपलीकडे जवळजवळ प्रत्येकालाच वाईट वाटू लागते. ही प्रतिक्रिया शरीराची आहे, इच्छाशक्ती कमी असल्याची खूण नव्हे. फरक एवढाच की सराव असलेल्या माणसाची मर्यादा उंच असते आणि हृदयविकार, दमा, रक्तक्षय, वाढलेले वजन किंवा दीर्घ विश्रांतीनंतर ती खाली आलेली असते.

भीती. पडण्याच्या भीतीने माणूस अंग आखडून चालतो. नजर पायांवरून हटत नाही. समोर समुद्र असूनही तो दिसत नाही. आखडून चालल्याने तोल आणखी बिघडतो आणि दमही लवकर लागतो.

शेवट. एखादा अनुभव आपण पूर्ण लांबीसह आठवत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, हे दोन जास्त लक्षात राहतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डॉ. डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालेल्या रुग्णांमध्ये हे दाखवले. तपासणी किती वेळ चालली यापेक्षा वेदनेचे टोक आणि शेवटची काही मिनिटे रुग्णांच्या आठवणीत ठरली. आजींच्या बाबतीतही तेच झाले. सकाळचे प्रसन्न दर्शन मागे पडले आणि थरथरणारे पाय तेवढे लक्षात राहिले.

याचा परिणाम एका सहलीपुरता राहत नाही. जी हालचाल करताना बरे वाटते ती माणूस पुन्हा करतो, जी करताना अपमान किंवा त्रास होतो ती टाळतो. आपल्याकडे आधीच परिस्थिती बरी नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या १४ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल पुरेशी नव्हती आणि विरंगुळा म्हणून शारीरिक हालचाल करणारे १० टक्क्यांहूनही कमी होते. अशा वेळी रोज २० मिनिटे चालणारी एक व्यक्ती घरी बसणे हे मोठे नुकसान आहे.

गोल्फने काढलेला मार्ग

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ खेळलेला नसतो, पण या खेळाने हाच प्रश्न फार व्यवहारी पद्धतीने सोडवला आहे. गोल्फचे मैदान लांबलचक असते आणि त्यात वाळूचे खड्डे, पाणी, उंच गवत असे अडथळे असतात. निष्णात खेळाडूला त्यांत मजा येते. नवख्याचा चेंडू मात्र पुन्हा पुन्हा वाळूत आणि पाण्यात जातो, आणि अर्ध्या मैदानातच त्याचा उत्साह मावळतो.

म्हणून मैदानाच्या अवघडपणाचा एक आकडा काढतात. त्याला स्लोप म्हणतात. तो ५५ ते १५५ यांच्यामध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण मानतात. हा आकडा मोठा असेल तर ते मैदान सामान्य खेळाडूला निष्णात खेळाडूच्या तुलनेत जास्तच जड जाते. म्हणजे अवघडपणा वाढला की तो सगळ्यांसाठी सारखा वाढत नाही. जो कमी तयारीचा, त्याच्यासाठी तो जास्त वेगाने वाढतो.

उपायही साधा आहे. चेंडूला पहिला टोला जिथून मारतात त्या जागेला टी म्हणतात. एकाच मैदानावर मागे-पुढे अशा अनेक टी असतात. २०११ मध्ये अमेरिकेत गोल्फच्या दोन प्रमुख संस्थांनी 'टी इट फॉरवर्ड' अशी मोहीमच सुरू केली: आपला टोला जेवढा लांब जातो त्याला साजेशा, पुढच्या टीवरून सुरुवात करा. मैदान तेच, सोबती तेच, खेळही तोच. फक्त सुरुवातीची जागा आपल्या ताकदीची.

प्रदक्षिणेला, डोंगराला, किल्ल्याला आणि रोजच्या व्यायामालाही हाच नियम लावा.

आपली टी कुठली? घरच्या तीन चाचण्या

सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी या चाचण्या करा. जवळ कोणीतरी उभे असू द्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

१. खुर्चीतून उठणे. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर आडवे ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ वेळा जमायला हवे. ६५ ते ६९ वयात अनुक्रमे १२ आणि ११, तर ७० ते ७४ वयात १२ आणि १०. यापेक्षा कमी आले तर मांड्यांची ताकद कमी आहे आणि उतार जड जाणार.

२. पावलापुढे पाऊल. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून एका रेषेत उभे राहा. १० सेकंद आधाराशिवाय उभे राहता आले नाही तर तोल कमी आहे. ओल्या खडकांवर जाऊ नका.

३. बोलत चालणे. घरच्या जिन्याचे दोन मजले आपल्या चालीने चढा. वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का पाहा. दोन-तीन शब्दांनी श्वास तुटत असेल तर चढ टाळा. पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असे असेल तर सहलीआधी तपासणी करून घ्या. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी घड्याळातील ठोक्यांपेक्षा बोलण्याच्या या चाचणीवर भरवसा ठेवावा.

हरिहरेश्वरमधले तीन टप्पे

पहिला टप्पा: दर्शन आणि पुळण. वरीलपैकी एकही चाचणी जमली नसेल तर हा तुमचा टप्पा. निवांत दर्शन घ्या आणि ओहोटीच्या वेळी पुळणीवर, पाण्यापासून थोडे आत, ओलसर घट्ट वाळूवर चाला. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते. तिथे चालायला सपाट जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते, म्हणून ती टाळा. १० मिनिटे जाणे आणि १० मिनिटे येणे पुरेसे आहे.

दुसरा टप्पा: थोड्या पायऱ्या आणि परत. ताकद बरी आहे, पण तोल किंवा श्वास कमी पडतो, अशांसाठी. झेपेल तेवढे चढा, बसा, वारा खा आणि परत या. फटीतून खाली उतरू नका. लक्षात ठेवा, जेवढे उतराल तेवढे पुन्हा चढावे लागू शकते.

तिसरा टप्पा: पूर्ण प्रदक्षिणा. तिन्ही चाचण्या जमल्या, नेहमी चालण्याचा सराव आहे, ओहोटी आहे आणि सोबत माहितीतला माणूस आहे, तरच.

श्रद्धेचा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. "प्रदक्षिणा अर्धी राहिली तर?" मी डॉक्टर आहे, धर्मशास्त्राचा जाणकार नाही. ज्यांना हे मनाला लागते त्यांनी मंदिरातच प्रदक्षिणा घालण्याबद्दल तिथल्या गुरुजींना विचारावे.

भरतीचे गणित आधी, तब्येतीचे नंतर

इथल्या खडकांवरून माणसे लाटेने ओढली गेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचाराच.

ढोबळ अंदाजासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास भरती आणि दुपारी १२ च्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे न्याहारी आटोपून बहुतेक कुटुंबे बाहेर पडतात, नेमकी तेव्हाच उधाणाची भरती असते. अष्टमीच्या दुपारी ओहोटी असली तरी कातळ तापलेला असतो. अशा दिवशी ज्येष्ठांनी पहिला टप्पाच निवडावा. हा हिशोब फक्त अंदाजाचा आहे. शेवटचा शब्द स्थानिक माणसाचा.

निघालात तर एवढे पाळा

• चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.
• मागून पट्टा असलेल्या, तळाला खाचा असलेल्या चपला किंवा बूट घाला. मधुमेहाने पाय बधिर असतील तर तापलेल्या कातळावर अनवाणी चालू नका. भाजले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. परतल्यावर तळपाय आणि बोटांमधली जागा नीट पाहा.
• जवळचे-लांबचे दोन्ही नंबर असलेल्या चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते. पायऱ्यांसाठी फक्त लांबचा चष्मा वापरा.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी चढू नका. घाम, थरथर, घाबरे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. लगेच थांबा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासा.
• पाणी सोबत ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदय-मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना आधीच विचारा.
• दमण्याआधी थांबा, दमल्यावर नव्हे. शेवटची १५ मिनिटे सोपी आणि सुखाची ठेवा: सावलीत बसणे, कोकम सरबत, गप्पा. आठवणीत तोच शेवट राहणार आहे.

घरच्यांनी काय करावे?

आग्रह प्रेमानेच होतो, हे मला माहीत आहे. पण "काही होत नाही" हे वाक्य तुमच्या गुडघ्यांवरून बोललेले असते. त्याऐवजी विचारा, "आई, कुठपर्यंत जाऊया?" मग उत्तर काहीही आले तरी वाटाघाटी करू नका.

दुसरी चूक उलट टोकाची. "तुम्ही गाडीतच बसा" असे सांगून मोकळे होणे. पार्किंगमध्ये दोन तास बसून राहिलेल्या माणसाची सहल झाली असे म्हणता येणार नाही. घरातल्या एकाने त्यांच्यासोबत पुळणीवर चालावे, बाकीच्यांनी वळसा घालून यावे, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र बसावे.

ताबडतोब थांबा आणि मदत घ्या

छातीत दडपण किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, बसल्यावरही न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर पुढे जाऊ नका. रुग्णाला चालवू नका. १०८ वर फोन करा. ज्येष्ठांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता थंड घाम आणि असह्य थकवा हीसुद्धा लक्षणे असू शकतात.

परत आल्यावर: नेहमीचे दुखणे की इजा?

मांड्या आणि पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारख्या दुखत असतील तर ते सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे आहे. ते चार-पाच दिवसांत जाते. हलके चालत राहिल्याने बरे वाटते. एकच गुडघा सुजणे, अडकणे, मध्येच दगा देणे, पायावर भार न घेता येणे किंवा एकच पोटरी सुजून गरम होणे, यासाठी डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्या घातक ठरू शकतात.

पुढच्या वर्षी पूर्ण प्रदक्षिणा करायची असेल तर?

इच्छा चांगली आहे, फक्त तयारी सहलीच्या आदल्या आठवड्यात नको. किमान आठ आठवडे द्या. खुर्चीतून १० वेळा उठण्याचे दोन फेरे आठवड्यातून तीन दिवस करा. ओट्याला धरून टाचा उचला. जिन्याची एकच पायरी सावकाश उतरण्याचा सराव करा. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. व्यायामात दुखणे १० पैकी ३ पर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले तर प्रमाण योग्य आहे. त्याहून जास्त झाले तर एक पायरी मागे या, पण थांबू नका.

सुरुवातीच्या आजींना मी औषध बदलून दिले नाही. सोसायटीत १० मिनिटे, बोलत चालता येईल एवढ्याच वेगाने, आणि दम लागण्याआधी घरी, एवढेच लिहून दिले. सहा आठवड्यांनी त्या पुन्हा २० मिनिटांवर आल्या. आता पुन्हा हरिहरेश्वरला जायचे म्हणतात. "या वेळी पुळणीवरच चालणार," असे त्यांनी मुलाला आधीच बजावून ठेवले आहे.